चाल सम झाली

रिंगणाच्या कठड्याला माणसे अशी चिकटली होती की जुने लाकूड करकरत होते. शुक्रवारची सकाळ, ऐन कामाचा दिवस. तरी खोगीर शिवणारा चामड्यात सुई तशीच टोचून आला होता, दाण्याच्या गोदामातली मापाडीण तराजू लोंबकळता सोडून आली होती, आणि तबेल्याचा दरवान फाटक सताड उघडे टाकून सर्वांच्या पुढे जाऊन उभा राहिला होता. रिंगणाच्या मधोमध, वाळूत मांडलेल्या बुटक्या स्टुलावर समपादजी बसले होते. अंगावर पांढरी शाल, पाय अनवाणी, आणि चेहऱ्यावर जगाची सगळी चिंता नुकतीच मिटवून आल्याचा भाव.

"लोक काय करतात?" समपादजी विचारीत होते. "दुखरा पाय धरून बसतात! अरे बाबांनो, नापास झालेल्या मुलाला कोण शिकवणार? दुसरा नापास मुलगा? छे! हुशार मुलगा शिकवणार. म्हणून मी दुखऱ्या पायाला बोटसुद्धा लावत नाही. मी चांगल्या पायाच्या कानात सांगतो, चांगला पाय वाईट पायाला सांगतो. संपला विषय!"

"पायाला कान असतो होय महाराज?" मापाडीण ओरडली.

"तुझ्या नवऱ्याला आहे म्हणतेस ना? मग ऐकतो का तो तुझं? कान असून उपयोग नसतो बाई, सांगणाऱ्यात दम लागतो."

गर्दी खदखदून हसली. हसलेल्या माणसाची शंका निम्मी विरघळते, हे समपादजींना चांगले ठाऊक होते. ह्या गावात आल्यापासून अकरा लंगडे घोडे त्यांनी सरळ चालवून दाखवले होते, आणि अकराही वेळा दुखऱ्या पायाला स्पर्श केला नव्हता. लोकांना वेड लावले होते ते नेमके ह्याच गोष्टीने. औषध लावून बरे करणारे पुष्कळ असतात; न लावता बरे करणारा एखादाच.

बारावी कवडी. चार वर्षांची तांबूस घोडी, कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका. तिला घेऊन आली ती तबेल्यातल्या घोड्यांना शिकवणारी बाई. तिला सगळे मास्तरीण म्हणत. मास्तरणीने दोर हाती धरून कवडीला दुडक्या चालीने पळवले, आणि कठड्यापाशी चुकचुकाट झाला. घोड्यांच्या संगतीत आयुष्य काढलेल्या त्या माणसांना लंगडेपण ओळखायला पायांकडे पाहावे लागत नाही. ती मानेकडे पाहतात. पुढचा दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडे मान वर उचलते, चांगला टेकला की मान खाली येते. कवडीची मान डाव्या पावलाला वर जात होती, उजव्याला खाली.

"डावा," दरवान म्हणाला.

"डावा," समपादजींनी मान्य केले, आणि कवडीचा उजवा पाय मांडीवर घेतला. शाल पुढे ओढून खूर झाकला. "उपदेश गुप्त असतो," असे म्हणून ते शालीखाली काही पुटपुटले, लाकडी मोगरीने नालेवर तीन ठोके दिले, आणि खुराचा तळ काळ्या मेणाने लिंपून टाकला. "ही मुद्रा. सात दिवस ह्या खुराला सुरी नाही, कानस नाही, पाणी नाही. मुद्रा मोडली की उपदेश मोडला. पळव मुली."

मास्तरणीने दोर सैल केला. कवडी पळाली. आणि मान हलेना. एक फेरा झाला, दुसरा झाला. मान एका पातळीत, जणू पाण्यावरून सरकणारी.

"सम झाली!" कोणीतरी किंचाळले, आणि मग सगळे रिंगणच ओरडू लागले, "सम झाली! चाल सम झाली!" मास्तरीण घोडीच्या गळ्यात पडून रडत होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आणि रडू एकत्र दिसले होते.

कठड्यापासून जरा दूर, दगडी फरशीच्या टोकाला एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून उभे होते. ते ओरडले नाहीत. ते मास्तरणीचे वडील, त्या तबेल्याचे जुने नालबंद. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरल्यापासून त्यांना घोडे म्हणजे एक तांबडा ढग दिसे. मान हलते की नाही, हे त्यांना कळणे शक्यच नव्हते. कवडी रिंगणातून बाहेर आली आणि फरशीवरून चालत त्यांच्या समोरून गेली, तेव्हा त्यांनी फक्त ऐकले.

आणि काठी टेकीत ते त्या आवाजाच्या मागोमाग दोन पावले गेले.

*

कवडीची आई तिला जन्म देताना गेली. मास्तरणीने बाटलीने दूध पाजून ते शिंगरू जगवले; पहिले तीन आठवडे ती गवतावरच झोपली. कवडी दोन वर्षांची झाल्यावर तिला दोरावर गोल फिरायला शिकवले, तीन वर्षांची झाल्यावर टेकडीच्या चढावर नुसते चालवले, रोज थोडे थोडे, स्वार न बसवता. शेजारच्या तबेल्यातली त्याच वयाची घोडी तोवर उड्या मारू लागली होती; कवडीला खोगीर आणि उडी शिकवली ती चार वर्षांची झाल्यावर. तबेल्याचे मालक कुरकुरत. मास्तरीण म्हणे, "मालक, दम महिन्यात वाढतो, मांस दोन महिन्यांत चढतं. हाड मात्र आपल्या वेळेनंच पिकतं. त्याला घाई कळत नाही." ही शिकवण तिला वडिलांकडून मिळालेली. कोणी विचारले की ती अभिमानाने सांगे, "माझ्या बाबांच्या हातानं आजवर एका घोड्याला दुखवलेलं नाही."

पावसाळा सरताना एका खड्ड्यात कवडीचा डावा पाय मुरगळला. घोड्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पायाचे क्ष-किरण छायाचित्र काढले आणि खिडकीच्या उजेडात धरून दाखवले: हाडात केसाएवढी चीर. "सहा महिने विश्रांती," त्या म्हणाल्या. "जगेल, चालेल. उडी मारेल की नाही, ते आज सांगणार नाही. खोटं बोलायची मला सवय नाही." त्यांच्या घरामागे एक कुरण होते, तिथे असली जनावरे त्या ठेवून घेत. मालकांनी बराच वेळ नाक मुरडून अखेर मान डोलावली होती. "न्या. सोमवारी न्या. पुढचं पुढे."

म्हणजे कवडीला सोमवार मिळाला होता. परंतु डॉक्टरीणबाईंनी जीवाची हमी दिली होती, उडीची नव्हती. आणि मास्तरणीला कवडी सगळीच्या सगळी हवी होती. प्रेमाला अर्धे मान्य करणे फार जड जाते. त्यात समपादजी गावात आले, आणि रविवारी कोवळ्या घोड्यांची उडीची स्पर्धा होती, ती पाहायला दूरदूरचे खरेदीदार येणार होते. शुक्रवारी चाल सम झाल्याबरोबर मालकांनी डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला: कुरणाची गरज उरली नाही.

*

शनिवारी दुपारी नालबंद चाचपडत कवडीच्या खोलीशी आले. मास्तरीण तिची पाठ ब्रशाने घासत होती.

"बाळ, जरा फरशीवरून चालव तिला."

"काल ऐकलंत ना, बाबा?"

"परत ऐकू दे."

तिने चालवले. टप, टप, टप, टप. अंतर सारखे होते. परंतु पाऊल आखूड होते; उचललेला पाय पुढे जाण्याआधीच खाली येत होता, जणू खालची फरशी तापलेली असावी. पूर्वी कवडी फरशीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत अठरा पावलांत जाई. नालबंदांनी मोजली: सव्वीस.

"पाऊल आखूड पडतंय."

"महिनाभर उभी होती, अंग आखडलंय. बाबा, तुम्हाला दिसत नाही म्हणून. मान बघा तिची. डोक्यावर भरलेला पेला ठेवला तरी थेंब सांडायचा नाही."

"मान सारखी आहे, कबूल. पण सारखी म्हणजे बरी का?"

"म्हणजे?"

नालबंदांनी कवडीच्या उजव्या पायाकडे हात केला. मग म्हणाले, "ते मेण काढू दे मला. नाल उचकटून पुन्हा ठोकतो. पाच मिनिटांचं काम."

मास्तरणीने ब्रश खाली ठेवला. "सात दिवस हात लावायचा नाही म्हणालेत ते. बाबा, तुमचा विश्वास नाही, नसू दे. पण माझ्या घोडीवर प्रयोग करू नका. तुमच्याकडे कारण आहे काही? असेल तर सांगा."

कारण होते. विशीतले असताना हे नालबंद जनावरांच्या बाजारात एका दलालाच्या हाताखाली काम करीत. एके दिवशी दलालाने एक करडा घोडा आणून उभा केला. घोडा उजव्या पायाने लंगडत होता. दलाल म्हणाला, "डाव्या नालेखाली एक खडा बसव. लहानसा. चपटा." तरुण नालबंदाला आधी काही उमगले नाही. खडा बसवला, घोडा पळवला, आणि मान हलायची थांबली! दोन्ही पाय सारखेच दुखू लागल्यावर घोडे मान कोणाच्या बाजूने उचलणार? ते बिचारे सम चालू लागते. खरेदीदार गृहस्थाने करड्याच्या कपाळाचे चुंबन घेतले होते, आणि जाता जाता ह्या नालबंदाचा हात हातात घेऊन म्हणाला होता, "छान नाल मारलीत हो."

एवढे सांगितले असते तर पुरे होते. परंतु ते सांगायचे म्हणजे, 'माझ्या बाबांच्या हातानं आजवर एका घोड्याला दुखवलेलं नाही,' हे तिचे वाक्य आपल्याच हाताने पुसून टाकायचे. खडा असेलच असे कुठे आहे, कानाचाही भ्रम होतो, असे नालबंदांनी स्वतःला समजावले.

"नाही," ते म्हणाले. "कारण असं काही नाही. उद्या सकाळी बोलू."

सकाळी मास्तरीण उजाडायच्या आत घोडी घेऊन मैदानावर गेली होती.

*

स्पर्धेत मास्तरीण कवडीवर स्वार होती आणि नालबंद कुंपणाशी उभे होते. शेजारी दरवान त्यांना काय चालले आहे ते सांगत होता. "पहिला अडथळा गेली, काका! दुसरा... वा! तिसऱ्याला जरा बिचकली, पण गेली. चौथा..."

नालबंद बोलणे ऐकत नव्हते; ते खुरांचा आवाज ऐकत होते. कवडीचे शहाणपण त्यांना पावलापावलाला कळत होते. महिनाभर तिने चीर पडलेला डावा पाय जपला होता; सगळा भार उजव्यावर टाकून तिने स्वतःच स्वतःची शुश्रूषा केली होती. तो उजवा आसराच कोणीतरी काढून घेतला होता. उजवा टेकला की खडा टोचे, म्हणून ती डाव्याकडे कलत होती. उडीमागून उडी, त्या केसाएवढ्या चिरेवर.

"थांबवा!" ते ओरडले. "थांबवा तिला! बाळ!"

मैदानावर कर्णा वाजत होता. पाचव्या अडथळ्यापलीकडे घोडी उतरल्याचा आवाज आला, आणि त्याच्या आत आणखी एक आवाज, वाळलेली फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. दरवानाचे वाक्य अर्ध्यावर राहिले.

मास्तरीण वाळूत पडली होती. तिला खरचटण्यापलीकडे काही झाले नव्हते. कवडी मात्र तीन पायांवर उठून उभी राहिली आणि मास्तरणीकडे चालत येऊ लागली. तिला सवयच तशी होती. मास्तरीण पडली की ती परत येई. डॉक्टरीणबाई धावत आल्या, पायाकडे एकदा पाहिले आणि पेटी उघडली. दोघांच्या मदतीने त्यांनी कवडीला वाळूत आडवे केले. मास्तरणीने कवडीचे डोके मांडीवर घेतले. सुई टोचल्यावरही कवडी बराच वेळ तिचा हात चाटत होती, बाटली शोधणाऱ्या शिंगरासारखी.

लोक गोळा झाले. गर्दी दुभंगून समपादजी पुढे आले. शाल सावरून त्यांनी डोळे मिटले आणि खोल आवाजात म्हणाले, "मुद्रा मोडली. कोणीतरी मेणाला हात लावला. मी बजावलं होतं. मुली, खरं सांग."

"मी नाही," मास्तरीण म्हणाली. "मी नाही लावला."

"मनात तरी शंका आली असेल. शंकाही हातच असतो."

"आठवून बघ गं," मापाडीण हळूच म्हणाली. "धुताना लागला असेल चुकून." मालक म्हणाले, "एवढं साधं पाळता आलं नाही तुला?" आणि मास्तरीण आपल्या हातांकडे पाहू लागली, जणू तेच गुन्हेगार असावेत.

कवडी गेली तेव्हा नालबंदांचा धीर सुटला नव्हता. आता सुटला. ते वाळूत गुडघ्यांवर बसले, चाचपडत कवडीचा उजवा पाय मांडीवर घेतला. तो अजून ऊबदार होता.

"डॉक्टरीणबाई, माझे डोळे अधू आहेत. तुम्ही बघून सांगा. मेण मोडलंय का?"

डॉक्टरीणबाई वाकल्या. "नाही. अखंड आहे. बोटांचे ठसेसुद्धा जसेच्या तसे आहेत. मोठ्या अंगठ्याचे."

"ऐकलंत सगळ्यांनी? माझ्या मुलीनं हात लावलेला नाही." नालबंदांनी डॉक्टरीणबाईंच्या पेटीतल्या सुरीने मेण उपसले, तिथलीच पक्कड लावली आणि एकेक खिळा ओढून नाल उचकटली. नालेच्या आतल्या कडेखालून एक चपटा खडा त्यांच्या तळहातावर पडला. खुराच्या तळाला त्या आकाराचा काळानिळा डाग पडला होता.

"तो उपदेशाचा मणी आहे!" समपादजी म्हणाले. "चांगल्या पायाला बळ यावं म्हणून—"

"बळ?" नालबंद काठीच्या आधाराने उठले. त्यांनी आपला डावा जोडा काढला, त्यात तो खडा टाकला आणि जोडा पुन्हा घातला. "बघा. हा माझा दुखरा पाय." ते पाच पावले चालले. कोणालाही दिसेल असे लंगडले. मग खाली वाकून वाळूतून तेवढाच दुसरा खडा शोधला आणि उजव्या जोड्यात टाकला. "आता हुशार पायाला उपदेश केला." ते पुन्हा चालले. पावले आखूड पडली, कपाळावर घाम आला, परंतु झोका गेला. म्हातारा तालात चालत होता.

"झालो ना बरा?" त्यांनी विचारले. "ओरडा की आता! सम झाली म्हणून ओरडा!"

दरवानाने मान खाली घातली.

"तुम्ही सगळे जाणते आहात. मानेवरून लंगडेपण ओळखता. ह्या लबाडाला तेच हवं होतं. अडाणी माणसाला हा फसवूच शकला नसता. अडाणी माणूस मान बघत नाही. ह्यानं एका पायाचं दुखणं काढलं नाही, दुसऱ्यालाही दिलं. मुक्या जनावराच्या वेदनेची दोन्ही पारडी सारखी केली, आणि आपण टाळ्या वाजवल्या."

"पण काका," मालक अडखळत म्हणाले, "तुम्हाला हे कसं ठाऊक?"

नालबंदांनी आवाजाच्या रोखाने आपल्या मुलीकडे तोंड वळवले.

"कारण विशीत असताना मी स्वतः हेच केलं होतं. एका करड्या घोड्याला. दलालानं सांगितलं म्हणून, आणि मला नाही म्हणता आलं नाही म्हणून."

समपादजी शाल गुंडाळून मागे सरकू लागले, तेव्हा मापाडीण त्यांच्या वाटेत येऊन उभी राहिली. "थांबा की महाराज. अजून अकरा पाय उघडायचे आहेत." संध्याकाळपर्यंत डॉक्टरीणबाईंनी अकराही घोड्यांच्या चांगल्या पायाची नाल उतरवली. अकरा खडे निघाले. समपादजींना पोलिसांनी नेले, चौकशी झाली, आणि ते पूर्वी तीन बाजारांतून हाकललेले दलाल निघाले.

मास्तरीण तोवर कवडीपाशीच बसून होती. वडील शेजारी येऊन बसले.

"बाबा, शनिवारी तुम्हाला माहीत होतं?"

"शंका होती."

"मी कारण विचारलं होतं."

"हो. विचारलं होतंस."

ह्यापुढे दोघांत बोलणे झाले नाही. त्या दिवशी नाही, आणि त्यानंतरही पुष्कळ दिवस नाही. तिने वडिलांचे जोडे मात्र काढले, दोन्हींतले खडे झटकले, आणि जोडे पुन्हा त्यांच्या पायांत घातले.

*

चमत्कार करणारा मनुष्य नेहमी आपल्याला एक जागा दाखवतो आणि म्हणतो, इथे पाहा, दुखणे गेले. आपण जाणते असू तर अधिकच बारकाईने तिथे पाहतो, आणि अधिकच सहज फसतो. म्हणून वाचकहो, एवढीच विनंती आहे. शंका हे पाप नाही. जो 'हात लावू नका, उघडू नका, विचारू नका' असे बजावतो, त्याने जे झाकले असेल ते सर्वांत आधी उघडा. आणि ज्याला काही ठाऊक असेल त्याने लाज बाजूला ठेवून वेळेवर बोलावे. उद्या सकाळपर्यंत थांबू नये.

त्या तबेल्यात आता नवे घोडे आले की मास्तरीण दरवानाला निरोप देऊन वडिलांना बोलावते. अजूनही ती त्यांच्याशी कामापुरतेच बोलते. म्हातारा फरशीच्या टोकाला उभा राहतो, ती घोडे चालवते, तो पावले मोजतो. परवा एका खरेदीदाराने हौसेने सांगितले, "हा लंगडत होता हो, पण आता अगदी बरा आहे. दुखणं गेलं त्याचं."

मास्तरणीने घोड्याचा चांगला पाय उचलला, सुरी हातात घेतली आणि शांतपणे विचारले,

"गेलं? कुठे गेलं?"